डाग न ठेवणारे तेल

१

गंध हा पृथ्वीचा गुण, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. रूप डोळ्यांना फसवू शकते, शब्द कानांना फसवू शकतो. गंध मात्र ज्याच्या अंगी असतो त्याची चहाडी केल्यावाचून राहत नाही. हे वचन ज्या वास्तूत सर्वांना मुखोद्गत असायला हवे होते, त्याच वास्तूत ते विसरले गेले, आणि एका स्त्रीच्या जिवावर बेतले.

वनस्पतींच्या सुगंधी तेलांवर संशोधन करणारी ती संस्था. सकाळी वाचनालय उघडून अर्धा प्रहर झाला नसेल, तोच ग्रंथपाल बाई पुस्तकांच्या दोन मांडण्यांमधल्या वाटेत कोसळलेल्या आढळल्या. इस्पितळात त्यांचे पोट धुतले गेले. पोटातून जे निघाले त्याच्या दर्पाने परिचारिकेच्या डोळ्यांना पाणी आले. पर्समध्ये एक तपकिरी बाटली सापडली. ओव्यासारख्या उग्र वासाच्या एका डोंगरी वनस्पतीचे ते अर्कतेल होते. संस्थेचे सारे नाव त्या तेलाभोवती फिरत होते. काचपात्रातल्या कर्करोगाच्या पेशी या तेलाने मरतात, असा निबंध नुकताच प्रसिद्ध झाला होता.

ग्रंथपाल बाईंच्या छातीत गाठ होती. वेळेवर काढली तर बरी होणारी. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, आणि त्या तारखेला त्या इस्पितळाकडे फिरकल्याच नव्हत्या.

त्याच दुपारी संस्थेच्या संचालकांनी शीतकपाटातली राखीव बाटली काढून तिच्यातला एक थेंब कोऱ्या कागदावर टाकला. अर्कतेलाची एक साधी परीक्षा आहे. ते वाऱ्यावर उडून जाते आणि कागद पुन्हा कोरा होतो. स्वयंपाकाचे तेल उडत नाही. त्याचा तेलकट, पारदर्शक डाग कायमचा राहतो.

कागदावर डाग राहिला. राखीव बाटलीतले तेल कोणीतरी चोरून तिच्यात स्वयंपाकाचे तेल भरून ठेवले होते.

२

ग्रंथपाल बाईंना एक थोरली बहीण होती. या दोघींखेरीज घरात कोणी नव्हते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनपरीक्षक म्हणून थोरलीचे आयुष्य गेले होते. विषे ओळखणे हा तिचा व्यवसाय, आणि राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायमचा बिऱ्हाडाला आलेला. निवृत्तीनंतरही त्याने जागा सोडली नव्हती.

धाकटी खाटेवर उशीला टेकून बसली होती. ओठ भाजल्यासारखे लाल झाले होते.

"कोणी दिलं?" थोरलीने दारातूनच विचारले.

"ताई, तू आधी बस. उभी राहिलीस की वकील वाटतेस."

"वकील फी घेतात. मी फुकट भांडते. कोणी दिलं?"

"शब्द दिलाय मी. सांगणार नाही."

"डॉक्टरांनाही शब्द दिला होतास ना, तारखेला येईन म्हणून? तो कुठल्या कपाटात घालून ठेवलास?"

धाकटीने मान फिरवली. ती हळूच म्हणाली, "तुला नाही कळायचं. ज्या माणसानं दिलं, त्या माणसाला हाच रोग होता. सुरी लावून न घेता, नुसत्या या तेलावर ते माणूस बरं झालंय. माझ्या डोळ्यांसमोर चालतंय, बोलतंय. मग मी कशाला कापून घेऊ?"

"आणि सकाळी पडलीस ती?"

"मात्रा चुकली असेल माझी. बरं वाटलं की पुन्हा सुरू करणार आहे."

थोरलीच्या हातातला पाण्याचा पेला टेबलावर इतक्या जोराने आदळला की शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली. बाहेरच्या बोळात डॉक्टरांनी थोरलीला गाठले आणि स्पष्टच सांगितले, "गाठ अजून जागची हललेली नाही. सोमवारी शस्त्रक्रियेची एक वेळ रिकामी आहे. पण त्या तयार व्हायला हव्यात. बळजबरीनं मी कुणाला झोपवत नाही. आणि सोमवार गेला, तर पुढचं मी काही बोलणार नाही."

म्हणजे चोर शोधणे पुरेसे नव्हते. सोमवारच्या आत धाकटीच्या मनातली ती श्रद्धा मुळासकट उपटायची होती. आणि ती ज्या माणसाने पेरली, त्याचे नाव धाकटीच्या ओठांआड बंद होते.

३

संचालकांना सारी संस्था आचार्य म्हणत असे. थोरलीनेही तरुणपणी रसायनाचे पहिले पाठ त्यांच्याच पायाशी बसून घेतले होते. ते खोलीत आले की अजूनही ती नकळत उठून उभी राही.

त्यांच्या दालनाचे दार उघडताच तिला ठसका लागला. टेबलाच्या कोपऱ्यावर, सुगंधासाठी पाण्यात तेल घालून खाली मेणबत्ती लावायची मातीची छोटी वाटी होती. तिच्यातले पाणी केव्हाच आटले होते आणि तळाचे तेल करपून काळे पडले होते. खोलीभर जळकट दर्प कोंदला होता. वाटीपासून हातभर अंतरावर आचार्य शांतपणे लिहीत बसले होते. थोरलीने मेणबत्ती विझवली आणि खिडकी सताड उघडली.

"उकडतंय का तुला?" आचार्यांनी वात्सल्याने विचारले.

ते स्वतः मात्र त्या उकाड्यातही गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळून बसले होते. शुभ्र दाढी, क्षीण झालेला देह. समोर पाण्याचा तांब्या. दर वाक्यानंतर एक घोट.

"बहिणीचं ऐकून फार वाईट वाटलं, पोरी." घोट. "वाचनालयात मीच आधी पोचलो. तिला उचलायला वाकलो, तो तिच्या श्वासाला आपल्या तेलाचा वास. तिथंच मनात पाल चुकचुकली." घोट. "म्हणून कपाट उघडलं. थेंब टाकून पाहिला. डाग राहिला. तीस वर्षांची तपश्चर्या माझी, आणि घरचाच चोर!"

"कपाटाची किल्ली?"

"भांडारपालाकडे. आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवणारी ती मुलगी कामासाठी नेते." त्यांनी डोळे मिटले. "मी कुणाचं नाव घेत नाही. तू शोध. सोमवारी बाहेरची समिती साठा तपासायला येते आहे. पोलिसांत गेलं तर संस्था धुळीला मिळेल. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

थोरली बाहेर पडली तेव्हा रागाने तिचे कान तापले होते. गुरूच्या घरात चोरी, आणि त्या चोरीचा माल आपल्या बहिणीच्या पोटात! तो चोर हाती लागला तर त्याला उभा चिरावा असे तिला वाटत होते. तो किती जवळ होता हे तिला अजून कळायचे होते.

४

भांडारपाल हा लठ्ठ, तिरसट आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारा गृहस्थ होता.

"किल्ली कुठं असते?"

"खिळ्यावर."

"खिळा कुठं?"

"भिंतीत. भिंत संस्थेची. आता धरा संस्थेला."

"माझी बहीण मरता मरता वाचली आहे," थोरली दातओठ खात म्हणाली. "चेष्टा पुरे."

त्याचा चेहरा उतरला. "चेष्टा नाही, ताईसाहेब. माझी बायको इस्पितळातच गेली. औषधांनी आधी केस गेले, मग ती गेली. तेव्हापासून त्या इमारतीसमोरून जातानाही मी रस्ता बदलतो. ग्रंथपाल बाईंनी मला विचारलं होतं, कापून घेऊ का म्हणून. मी म्हटलं, माझ्यासारख्या जळलेल्या माणसाला विचारू नका. खोटं सांगत असेन तर जीभ झडो."

"तेल तुम्ही दिलंत?"

"मला त्या तेलाचं कौतुक असतं तर बायकोला नसतं का दिलं?"

धाकटीच्या सांगण्याप्रमाणे देणारे माणूस स्वतः त्या रोगातून उठलेले होते. हा माणूस तर घोड्यासारखा धडधाकट होता. तिने विषय बदलला. "आचार्य फार खंगलेत."

"गेल्या उन्हाळ्यात अभ्यासरजेवर गेले ते असेच वाळून परतले. तेव्हापासून मफलर. घशाला वारा लागतो म्हणतात. पण माणूस स्थितप्रज्ञ हो! मध्यंतरी चहात साखरेऐवजी मीठ पडलं. सगळे थुंकत बाहेर धावले. आचार्यांनी कप संपवला आणि वर म्हणाले, आज चहा छान झालाय." भांडारपाल हसला, आणि मग एकदम आवाज उतरवून म्हणाला, "मला धरण्यापेक्षा त्या पेशीवाल्या पोरीला विचारा, काचेच्या थाळीतली एक अख्खी ओळ तिनं निबंधातून का गिळली ते."

५

पेशी वाढवणारी तरुणी काचेच्या बंद खोलीत काम करीत होती. थोरलीने प्रश्न विचारण्याआधीच तिचे डोळे भरून आले. आणि ज्याला प्रश्नाआधी रडू येते त्याच्यापाशी उत्तर असतेच.

"मॅडम, तेल खोटं नाही," ती म्हणाली. "हे बघा." तिने जांभळ्या द्रवाच्या नळीत तेलाचा अंश सोडला. पाहता पाहता जांभळा रंग फिका होत पिवळा झाला. "हवेतल्या प्राणवायूनं जे गंजणं, खवटणं होतं, ते हे तेल रोखतं. हा गुण खरा आहे. त्यावर आयुष्यभर काम करावं असा आहे."

"आणि कर्करोगाच्या पेशी?"

"मेल्या. त्याही खऱ्याच मेल्या." तिने मान खाली घातली. "पण त्याच थाळीत शेजारच्या ओळीतल्या खळग्यांमध्ये निरोगी पेशी होत्या. त्यांत तेल घातलंच नव्हतं. त्याही मेल्या. झाकण एक, आतली हवा एक. तेल उडतं ना, मॅडम. वाफ सगळीकडे पसरली. म्हणजे ते रोगी आणि निरोगी निवडत नाही. शिवाय काचेत जी मात्रा लागते, ती माणसाच्या पोटात घातली तर आधी माणूस आडवा होईल."

"ही ओळ निबंधात का नाही?"

"मी आचार्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, पुढच्या निबंधात पाहू. मी गप्प बसले. तो निबंध ग्रंथपाल बाईंनी वाचला. माझं अभिनंदन केलं त्यांनी, मॅडम. मिठी मारली. तेल मी नाही दिलं, खरंच नाही."

"नाहीस दिलं," थोरली थंडपणे म्हणाली. तिचा राग थंड झाला की तो अधिक भयंकर असे. "तू फक्त बाटलीवर 'औषध' असं लेबल लावलंस."

तरुणी हुंदके देऊ लागली. थोरली तिच्याजवळ बसली, सांत्वनासाठी नव्हे. "आता एक खरं सांग. बहिणीला उचललं तेव्हा तिथं कोण कोण होतं?"

"आम्ही धावत गेलो तेव्हा आचार्य आधीच तिथं होते. एकटेच. आम्ही दारातच होतो तेव्हा ते म्हणाले, हिच्या तोंडाला आपल्या तेलाचा वास येतोय. मग जवळ गेल्यावर आम्हालाही आला."

थोरली उठली. बाहेर अंगणात, अर्क गाळण्याच्या भांड्यांशेजारच्या कट्ट्यावर बसून तिने पाहिलेले-ऐकलेले सारे आठवले. करपलेली वाटी. खारट चहा. दर वाक्याला पाण्याचा घोट. उकाड्यातला मफलर. एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर वार्धक्य वाटत होती, विरक्ती वाटत होती. एकत्र मांडली तेव्हा मात्र त्या सगळ्यांचा अर्थ एकच निघत होता. ज्या माणसासाठी ती आजही उठून उभी राहत होती, त्याच्याविषयी तिने कधी संशयाचा एक विचारही मनात आणला नव्हता. गुरुभक्तीने तिचेच नाक बंद केले होते.

घरी जाऊन तिने माळ्यावरून एक जुना डबा काढला आणि त्यातला घोटभर द्रव तशाच एका तपकिरी बाटलीत भरला.

६

रविवारी दुपारी थोरलीच्या बोलावण्यावरून आचार्य इस्पितळात आले. धाकटीचा चेहरा त्यांना पाहताच उजळला. ती सावरून बसली. थोरली खुर्चीवर बसलीच होती, ती उठली नाही. आचार्यांनी ते पाहिले आणि एक क्षण थबकले.

"सर, चोर सापडल्यातच जमा आहे," थोरली म्हणाली. "एका गोष्टीची खात्री तेवढी तुमच्याकडून हवी. हिच्याजवळच्या बाटलीतलं तेल अस्सल राखीव तेल आहे, की कुणी भेसळ केली आहे? तुमच्या नाकाएवढा दाखला दुसरा नाही."

तिने बाटली उघडून कापसाचा बोळा भिजवला आणि आचार्यांच्या हाती दिला. त्यांनी डोळे मिटले. बोळा नाकाशी धरून दीर्घ श्वास घेतला. चेहऱ्यावर समाधान पसरले.

"हेच," ते म्हणाले. "अस्सल. आपल्या डोंगरावरचं. वेगळं ओळखायला नको."

धाकटीने नाक मुरडले. शेजारच्या म्हातारीने पदर नाकाला लावला. "अगं बाई," म्हातारी म्हणाली, "इथं स्टो कुणी पेटवलाय?"

"ताई," धाकटी अडखळत म्हणाली, "हे तर रॉकेल आहे."

आचार्यांच्या हातातला बोळा तसाच राहिला.

"रॉकेलच आहे," थोरली म्हणाली. आता तिचा आवाज चढत गेला. "तुम्हाला वास येत नाही, सर. टेबलावरची वाटी जळून कोळसा झाली तरी आला नाही. चहात मीठ पडलं तेही कळलं नाही. मग ही पडली तेव्हा, सगळ्यांच्या आधी, हिच्या श्वासातलं तेल तुम्ही कशानं ओळखलंत? हिच्या पोटात काय आहे हे तुम्हाला वास घ्यायच्या आधीच ठाऊक होतं. कारण ते तुम्हीच दिलं होतं. बाहेरची समिती साठा पाहायला येणार, म्हणून बाटली स्वयंपाकाच्या तेलानं भरून ठेवलीत. ही कोसळली, इस्पितळात तेल सापडणार हे दिसलं, तेव्हा चोरी स्वतःच उघडकीला आणून आळ दुसऱ्यांवर ढकललात. मला तपास सोपवलात, कारण मी तुमच्यावर कधी संशय घेणार नाही हे तुम्हाला माहीत होतं!"

आचार्यांनी घोट घेण्यासाठी पाणी शोधले. थोरलीने पेला उचलून आपल्याजवळ ओढून घेतला.

"आणि हे पाणी. तोंडाला लाळ सुटत नाही ना? जिभेला चव नाही, नाकाला वास नाही. म्हातारपणानं हे सगळं एका उन्हाळ्यात होत नाही, सर. गळ्यावर किरणांचा उपचार घेतल्यावर होतं. माझ्या नोकरीत अशी माणसं मी पाहिली आहेत."

"ताई, पुरे!" धाकटी ओरडली. तिच्या डोळ्यांत बहिणीविषयी संताप होता. "त्यांनी कसलाही उपचार घेतला नाही. त्यांनीच सांगितलंय मला. नुसत्या तेलावर—" ती थांबली. ओठांआडचे नाव तिच्याच तोंडून निसटले होते. मग ती आचार्यांकडे वळली, आणि तिच्या स्वरात विनवणी होती. "सर, तुम्ही सांगा ना हिला. मफलर काढून दाखवा एकदा."

आचार्य हलले नाहीत.

"सर?"

"मी तुला शस्त्रक्रिया करू नकोस असं कधीच म्हटलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मी फक्त म्हटलं, थोडं थांबून पाहू."

"मफलर काढा, सर." धाकटीच्या स्वरातली विनवणी संपली होती.

त्यांनी मफलर सोडला. शुभ्र दाढी गळ्याच्या डाव्या बाजूला पट्टी धरून कापल्यासारखी एका सरळ रेषेत थांबली होती. त्या रेषेखाली केसाचे मूळदेखील उरले नव्हते. कातडी काळवंडली होती. कानाखालून खाली उतरलेला शस्त्राचा लांब व्रण. आणि गळ्याच्या तळाशी मोहरीएवढा निळा ठिपका. किरणांचा नेम चुकू नये म्हणून इस्पितळात कातडीत गोंदतात तसा.

"आधी सुरी, मग किरण," थोरली म्हणाली. "अभ्यासरजेत. स्वतःच्या गळ्यासाठी जगातली सगळ्यात खरी विद्या शोधलीत. आणि हिच्या छातीसाठी?"

"मला एक बरा झालेला माणूस हवा होता," आचार्य पुटपुटले. "माझं सांगता येत नव्हतं, माझे कागद इस्पितळात आहेत. तेलात गुण आहे, तुला माहीत आहे. कुणी ऐकत नाही. एक माणूस दाखवता आला असता, तर पुढं हजारोंचं—"

"तेलात गुण आहे!" थोरली ताडकन उठली, आणि या वेळी ती आदराने उठली नव्हती. "तेलावर कुणाचा राग आहे? ते बिचारं कागदावर टाकलं तरी उडून जातं, डागसुद्धा मागे ठेवत नाही. त्या पोरीला खरी ओळ लिहू दिली असतीत, तर त्या गुणातून उद्या काही निघालंही असतं. तुम्ही त्याला खोट्या साक्षीला उभं केलंत. मोलाची वस्तू होती, तिचं विष केलंत. उद्या समिती येईल, तिच्यापुढे हे सगळं मी मांडणार आहे. तोपर्यंत त्या मुलीवर किंवा भांडारपालावर तुमच्या तोंडून एक अक्षर आलं, तर सर, मी तुमचीच शिष्या आहे. परीक्षा कशी घ्यायची हे तुम्हीच शिकवलंय."

आचार्य दाराकडे निघाले. उंबऱ्याशी त्यांनी मफलर पुन्हा गुंडाळण्यासाठी हात वर नेला. पण सारी खोली पाहत होती, आणि तो हात अर्ध्यावरच खाली आला.

धाकटी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते, पण मुठी आवळलेल्या होत्या. "दर आठवड्याला विचारायचे, ताई," ती म्हणाली. "कसं वाटतंय, गाठ लहान वाटते का म्हणून. मला वाटायचं, किती जीव लावतात. मी लाजून खोटं सांगायचे, हो, वाटतेय लहान. त्यांना वाईट वाटू नये म्हणून."

थोरलीने पेला धाकटीच्या हाती दिला. धाकटी पाणी प्यायली, तिने पेला खाली ठेवला आणि उशाशी लोंबणारी घंटेची दोरी ओढली. परिचारिका दारात आली.

"डॉक्टरांना सांगा, उद्याची वेळ दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणावं," धाकटी म्हणाली. मग थोरलीकडे वळून तिने डोळे वटारले. "आणि तो बोळा आधी बाहेर टाक. ज्यांना नाक आहे, त्यांचं डोकं उठलंय."